टोलीडो ते डेव्हनपोर्ट

मेडनहेड,
१४ जून २०२५

परीक्षित भाऊजी,

नमस्कार. स्वरालीच्या लग्नाचे फोटो मिळाले. पोरगी गोड दिसते, आणि फेटा बांधून तुम्ही तिच्यापेक्षा जास्त नटलेले. कार्य निर्विघ्न पार पडलं, बरं वाटलं. इथे यंदा ऊन भरपूर आहे. आरव लेस्टरहून दर वीकेंडला येतो.

वहिनीने चक्क पोस्टाने पत्र पाठवलं म्हणून दचकला असाल. आधी तुम्हा दोघांच्या अमेरिकेतल्या बेसबॉल ट्रिपचं बोलते. बारा दिवसांत नऊ सामने, टोलीडो, फोर्ट वेन, साउथ बेंड, पिओरिया करत शेवटी डेव्हनपोर्ट. पिओरियाचा सामना दुपारचा घेऊ नका, उन्हात भाजून निघाल. क्षितिजने प्रत्येक ग्राउंडपुढे सावलीची बाजू लिहून ठेवली आहे, तो कागद सोबत आहे. मोठ्या टीम काय, टीव्हीवर दिसतात. त्या मोठ्या टीममध्ये जायची वाट बघणारे खेळाडू छोट्या गावातच जाऊन बघायचे, हे तुम्हा दोघांचं अठ्ठ्याण्णवपासूनचं वेड. पण जाणं राहूनच गेलं, कधी त्याची ड्युटी आडवी आली, कधी तुमचा गुडघा.

मला हे सगळं कुठून कळायला लागलं, असं मनात आलं असेल. शिकावं लागलं. लंच ब्रेकमध्ये सँडविच खात मी बेसबॉलचे नियम बघत होते, आणि का, ते आता सांगते. बसून वाचा.

क्षितिज गेला, भाऊजी. तेरा एप्रिलला, रविवारी सकाळी. गवत कापायला बागेत गेला होता. मशीनचा आवाज बराच वेळ एकाच जागेवरून यायला लागला म्हणून मी बघायला गेले. पॅरामेडिक्सनी अर्धा तास प्रयत्न केले. हार्ट अटॅक.

तुम्हाला सांगायला फोन हातात घेतला आणि ठेवला. दीड महिन्यावर लग्न होतं. कळलं असतं तर तुम्ही सगळं टाकून आला असतात, आणि लेकीच्या कार्यात अशी बातमी घालायची नाही, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. तुमच्या बॅचच्या ग्रुपवर मी सांगितलं, लग्न होईपर्यंत परीक्षितना कळवू नका, नंतर मी सांगेन. सगळे एका पायावर तयार झाले. मी चुकते आहे असं कोणी म्हणालं नाही.

इथे क्रिमेटोरियमचा स्लॉट मिळायला अकरा दिवस लागले. त्यातल्या तिसऱ्या दिवशी त्याच्या फोनवर तुमचा मेसेज आला, ‘सुरुवात कोलंबसपासून करू की टोलीडो?’ मी बघत बसले. मग लिहिलं, ‘टोलीडो.’ तुम्ही लगेच नकाशा पाठवलात.

तिथून पुढचं सगळं माझं. मोटेल मी निवडली, कोण कधी गाडी चालवणार यावर तुमच्याशी भांडले मी. ‘तू हल्ली पटकन उत्तर देतोस, पूर्वी दोन दोन दिवस लावायचास,’ असं तुम्ही लिहिलंत, तेव्हापासून मी मुद्दाम उशिरा उत्तर द्यायला लागले. लग्नाला येत नाही म्हटल्यावर तुम्ही चिडलात, चिडणारच. ‘तब्येतीचं निमित्त पुरे, जुलैत तरी ये.’ मी लिहिलं, ‘शब्द देतो. जुलै नक्की.’ त्याच्या नावाने दिलेला तो शब्द मला रोज खातो.

आता खरं ते सांगते. लग्न एकतीस मेला झालं. आज चौदा जून. या दोन आठवड्यांना माझ्याकडे काही निमित्त नाही. आरवच्या लक्षात आलं, तो म्हणाला, ‘आई, दिस इज नॉट ओके. काकाला सांग.’ मी त्याच्यावरच ओरडले. सांगवेना हो. इथे सगळे त्याच्याबद्दल ‘होता’ म्हणतात. एकटे तुम्ही त्याला शिव्या घालत होतात, माझ्या गुडघ्याला पट्टा आण म्हणत होतात. तुमच्यापुरता तो जिवंत होता, आणि मला तेवढंही सोडायचं नव्हतं. मी स्वार्थी झाले.

काल तुम्ही लिहिलंत, ‘दोघांची तिकिटं काढली. आता माघार नाही.’ माणूस एवढ्या आनंदात आहे आणि मी त्याला खेळवते आहे.

तुमचा चाळीस वर्षांपासूनचा मित्र जाऊन नऊ आठवडे झाले. मी रडले, आरव रडला, सगळी बॅच रडली. तुम्हाला मी एक दिवस दिला नाही, उलट त्या दिवसांत तुम्हाला हसवत ठेवलं. लग्नाचं पुढे करून मी तुमचा हक्क घेतला. माफी मागते, पण द्याच असं म्हणत नाही. चिडा, बोला, वर्षभर बोलू नका, तुमची मर्जी.

त्याच्या नंबरवर यापुढे उत्तर येणार नाही. तिथे जे काही लिहाल ते मी वाचणारही नाही, ते तुमचं आणि त्याचं.

नऊ आठवडे क्षितिज होऊन तुमच्याशी बोललेली,
अनुराधा