पडवीची भिंत

बाबा, आजपासून मागीलदारी खणायला सुरुवात झाली. तुम्ही असतात तर खुर्ची टाकून गवंड्याच्या डोक्यावर बसला असतात. मी दारातून थोडा वेळ बघते आणि आत येऊन आडवी होते. नगरपरिषदेत हेलपाटे घालून जीव शिणलाय. परवानगी हातात पडली तेव्हा आनंद व्हायला हवा होता. मी स्टँडसमोरच्या हॉटेलात एकटीनं चहा मागवला आणि तोही निम्मा टाकला.

गेल्या पावसाळ्यात आई मागीलदारच्या न्हाणीकडे जाताना शेवाळावर घसरली. खुब्याचं हाड मोडलं. आता वॉकर धरून घरातल्या घरात चालते, पण मागीलदारच्या संडासापर्यंत तिला धरून न्यावं लागतं, आणि त्याची तिला लाज वाटते. तुमच्या खोलीला, म्हणजे पडवीला, लागून संडास-बाथरूम बांधायचं आणि तेही पाऊस लागायच्या आत, एवढंच माझ्या मनात होतं. शेजारचे काका म्हणाले, "परवानगी कसली घेत्येस बाय? आधी बांध, कोण आलान् तर मग बघू. हितं कोण विचारून बांधतो?" खरंच आहे ते. आपल्या आळीत अख्खे मजले असे उभे राहिलेत. पण कोणी तक्रार केली आणि काम अर्ध्यात अडकलं, तर आईला कुठे नेऊ? म्हणून गेले.

तिथला इंजिनिअर तरुण आहे, बोलायला बरा. म्हणाला, "रंग द्या, फरशी बदला, फुटकी कौलं काढून नवी घाला, त्याला आमच्याकडे यायला नको. पण भिंत घालायची किंवा पाडायची, खोली वाढवायची, संडास काढायचा, तर आधी नकाशा आणि परवानगी." मग जागा बघायला आला. पडवीत उभं राहून त्यानं घराचा जुना नकाशा उलगडला आणि इकडे तिकडे बघत विचारलं, "बाई, इथे उघडी पडवी दाखवलीय. ही खोली केव्हा झाली?"

मी नववीत आहे. पावसासाठी तुम्ही नेहमीसारखा पडवीला माडाच्या झापांचा आडोसा बांधलाय. सगळेच बांधतात आणि पाऊस सरला की सोडतात. त्या वर्षी आपला आडोसा सुटत नाही. त्याच्या आतून चिऱ्यांचे थर चढतायत, रविवारी रविवारी, गवंडी एक आणि हाताखाली तुम्ही. कोर्टातला कारकून झापांच्या आड चोरून भिंत घालतोय! घरपट्टीचा माणूस येतो, आत कसली ठोकाठोक म्हणून नेमकं मलाच विचारतो, आणि मी ऐटीत सांगते, "बाबा भिंत घालतायत." तो हसतो, चहा पिऊन जातो. त्याची पाठ वळल्यावर तुम्ही माझ्यावर असे उखडता की आई चुलीपासून उठून येते. "विचारलंन् म्हणून सगळं सांगायचं? कोणासाठी घालतोय गो ही भिंत?"

माझ्यासाठीच. दहावीला बसायला मला खोली हवी होती. झापं सुटली तेव्हा आत खोली होती, तिला हिरवी खिडकी होती, आणि वर्गातल्या कुठल्याही मुलीकडे नव्हती अशी ती माझी एकटीची होती. बी.एड.पर्यंतचा सगळा अभ्यास मी तिथे केला. पुढे तुमचं आजारपणही तिथेच गेलं.

इंजिनिअरला मी खरं ते सांगितलं. खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. तो म्हणाला, "दंड भरून खोली नियमित करता येईल. नाहीतर भिंत काढा, पडवी उघडी करा, आणि संडास माजघराला लागून घ्या. दोन्ही चालेल, तुम्ही ठरवा." भिंत राखायची असं मनाशी पक्कं करूनच मी आईला सांगायला गेले. ती कुळीथ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पाड गो ती."

"आई, बाबांनी स्वतःच्या हातानं घातलेली भिंत आहे."

"तुझ्यासाठी घातलनी, म्हणून मी गप ऱ्हायले. पण माझा वारा गेला तो गेलाच. जेवणंखाणं आटपली की खाडीवरचा वारा खात मी तिथे बसायची. घरात तेवढंच माझं बसणं होतं. मग तुझा अभ्यास, मग त्यांचं दुखणं. आता मला बसू दे."

मला राग आला. तुमचा, तिचा की माझा, ते अजून कळलेलं नाही. इतकी वर्षं ती त्या खोलीत केर काढत होती, तुमची पथ्याची पेज नेऊन देत होती, आणि एका शब्दानं बोलली नाही. तुम्हाला तरी कधी कळलं होतं का?

गेल्या आठवड्यात भिंत काढली. चिरे चांगले निघाले, तेच आता संडासाला लागतील. आळीत मी सांगितलंय, नगरपरिषदेनं पाडायला लावली. तुम्हालाही तेच लिहावं म्हणून कागद घेतला होता. पण हे पत्र कुठे जायचंच नाही, मग कशाला? भिंत ठेवता येत होती, बाबा. आम्ही दोघींनी ती पाडली. काल संध्याकाळी आईनं मलाही शेजारी बसवून घेतलं. वारा फार छान येतो तिथे.