अंगणाचा उतार

शेलूबाजार,
ता. २२-५-७७

चि. सौ. भागिरथास,
अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि.

पाच जूनला आपल्या धाकट्या इंद्रभानचं वर्षाचं पुण्यानुमोदन आहे. तलावाच्या कामावर डबा उघडायला दगडावर बसला आणि उठलाच नाही, त्याला वर्ष झालं. अडतीस हे काय जायचं वय होतं?

हेडमास्तर उकंडराव तासभर बोलणार म्हणतात. हयातीत त्यांनी त्याला कधी धड ओट्यावर बसवलं नाही, आता तो त्यांचा लाडका विद्यार्थी झाला. माणूस गेला की गावाला त्याची ओळख पटते.

म्हणून मीही बोलणार. अंगणाचीच गोष्ट सांगतो. आपल्या ओव्हरसियर साहेबाने चार तलाव बांधले, पण स्वतःच्या अंगणाची फरशी अशी बसवली की मोरीचं पाणी चुलीकडे जातं! अकरा वर्षं मी ही गोष्ट दुकानात कपडे बेतताना सांगतो आहे. लोक पोट धरून हसतात. तोही हसायचा. पोरांचे केससुद्धा पट्टी लावून कापणारा माणूस, आणि उतार उलटा!

सासूबाईंचा पाय कसा आहे? जमलं तर ये.

तुझा दादा,
देवमन

---

मानोरा,
ता. २८-५-७७

ती. दादास,
भागिरथाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

सासूबाईंचा पाय अजून प्लास्टरमध्ये आहे, म्हणून मी येत नाही. नाहीतर तुझ्या तोंडावर हात ठेवायला पहिल्या जीपने आले असते.

ती गोष्ट तू सांगायची नाहीस. आता ऐक. इंद्रभानने भिंतीवर कोळशाच्या खुणा केल्या होत्या, चुलीकडच्या दाराशी वर आणि मोरीशी खाली. त्यावरून फरशी बसवायची, एवढं सांगून तो कामावर गेला. तू जयंती आली म्हणून गवंडी यायच्या आधीच हौसेने भिंतीला चुना मारलास. मग आठवेल तशा खुणा केल्यास, त्या उलट्या. आणि विसरलास. स्वतःची चूक विसरण्यात तुझा हात कोण धरणार?

शनिवारी येऊन त्याने पाहिलं आणि गप्प बसला. मागच्या वर्षी जयंतीला मी खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. म्हणाला, की दादाले रोज चौकात बसा लागते, मी त शनिवारचा पाहुणा, लोकं हसतीन त मले हसू दे. कोणाला सांगू नको, अशी शपथ घातली होती. आज मोडली.

खोटं वाटत असेल तर दाराजवळ नखाने खरवडून पाहा.

दादा, तुझ्यावर रागावले आहे, पण माया कमी झालेली नाही.

तुझी,
भागिरथा

---

शेलूबाजार,
ता. ७-६-७७

चि. सौ. भागिरथास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी तुझाच राग आला. मग खरवडलं. बारा जयंत्यांचा चुना, पापुद्र्यावर पापुद्रा. इंद्रभानच्या विमलने विचारलं, की दादा, भिंत काहून खरवडून राह्यले. सगळ्यात तळाशी इंद्रभानची खूण निघाली, फरशीहून चांगली वर. बोट लावलं तर काळं झालं.

कार्यक्रमाला अंगणात दीडशे माणूस होतं. उकंडराव सव्वा तास बोलले आणि त्यात इंद्रभान फार तर दहा मिनिटं आला. मग मी उठलो. मी गोष्ट सुरू करताच लोक आधीच हसायला लागले. शेवट मात्र त्यांना ठाऊक नव्हता. उतार माझा होता, असं सांगितलं आणि खुणेला पुन्हा बोट लावून काळं बोट दाखवलं. कोणी हसलं नाही. मग विमल हसली. वर्षभराने हसली आणि हसता हसता तिला रडू आवरेना. म्हणाली, की हे मले बी नाही सांगितलं.

जेवणं झाली. दीडशे लोकांनी मोरीवर हात धुतले आणि ते सगळं पाणी चुलीकडे निघालं. इंद्रभान दर वेळी मुकाट्याने खराटा घेऊन पाणी ढकलायचा आणि मी ओट्यावर बसून त्याला साहेब, साहेब म्हणून चिडवायचो. परवा खराटा मी घेतला. ओट्याकडे पाहिलं, साहेब म्हणून चिडवणारं तिथं कोणी नव्हतं.

फरशी उखडू का, विमलला विचारलं. नको म्हणाली. तेव्हा पाणी आता मीच ढकलणार.

लोभाला लायक नाही, तरी असू दे.

तुझा दादा,
देवमन