हाताचा वास

आबा, काल इथे फार पाऊस झाला आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं मनात आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आज मी तुमच्यापेक्षा म्हातारा आहे. माझी बायको गेल्यावर, गावात एकटा कसा राहणार म्हणून तुमचा नातू मला दुबईत घेऊन आला. इंटरनॅशनल सिटीत त्यांचा लहान फ्लॅट आहे, हॉलमधल्या सोफ्यावर मी झोपतो. सगळे चांगले वागतात, तक्रार नाही. फक्त मला सारखी काळजी लागून राहते. गॅस बंद केला का, किल्ली आत राहिली का, माझ्या खोकल्याने शेजारचे वैतागले असतील का, व्हिसाचं काय झालं. मुलगा म्हणतो, "बाबा, रिलॅक्स करा ना जरा." नात म्हणते, "आजोबा, यू वरी टू मच." मला ते कळतं, पण कळून काळजी जात नाही.

दिवाळी झाली की तुम्ही मुंगसं धरायचे फासे बाहेर काढायचात. थंडी पडली की मुंगसाचा केस दाट व्हायचा आणि ब्रशवाल्या व्यापाऱ्याला तोच हवा असायचा. तेव्हा आपल्याकडे त्याला कुणी गुन्हा म्हणत नव्हतं. घोड्याच्या शेपटीच्या केसांचे ते फासे तुम्ही कडुलिंबाच्या पाल्यात उकळायचात आणि बाहेर वळचणीला टांगायचात, घरात आणायचा नाहीत, घराचा वास लागतो म्हणून. बांधावर पोचलो की आधी तिथलीच माती दोन्ही हातांना चोळायची, मगच फाशाला हात लावायचा. एकदा मी डोकं खाजवलं आणि त्याच हाताने फासा सरळ केला. तुम्ही माझं मनगट धरलंत. "खोबरेल चोपडून आलायस आणि फासा धरतोस? जनावराला सांगतोयस काय, या, आम्ही इथं बसलोय म्हणून?" तो चांगला फासा तुम्ही तोडून फेकलात. "माणसाच्या हाताचा वास आला की जनावर आल्या वाटेने परत फिरतं. एवढं शिक, बाकी शाळेचं राहू दे." शाळा राहिलीच. सुट्टी संपून ती उघडायची तेव्हा मी तुमच्याबरोबर माळावर असायचो.

त्यातलं एक वर्ष मला अजून दिसतं. कार्तिकातच अवकाळी लागला होता आणि मळभ काही हटेना. कातडी वाळत नव्हती, चुलीच्या धुरावर टांगली तरी केस मुठीत सुटून यायचे. ओढ्याकाठचा फासा पाण्यात गेला असेल म्हणून तुम्ही डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन निघालात आणि मी मागून. मुंगूस पोटापर्यंत पाण्यात होतं, जिवंत. तुम्ही डोक्याचं मुंडासं सोडून त्याला गुंडाळलंत आणि घरी आणून टोपलीखाली चुलीपाशी ठेवलंत. केस वाळत आले तशी त्याची थरथर थांबली. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "एवढं उबेला बसवलंय, तर सोडून द्या की." तुम्ही म्हणालात, "आणि पोरांना काय वाढू? त्याची ऊब?" आईची तव्यावरची भाकरी करपली. तुम्ही टोपली उचलून मागच्या दारी गेलात. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत असं मला आठवतं, पण ते मी नंतर मनाने जोडलेलं असेल.

पुढे मी पाट्या रंगवून पोट भरलं. फासा पुन्हा हातात धरला नाही. तुमची विद्या कधी कामाला येईल असं वाटलं नव्हतं, ती इथे आली, आणि कशी आली ते सांगायला हा कागद घेतला आहे.

आमच्या बिल्डिंगच्या मागे कचऱ्याच्या डब्यांपाशी एक मांजरी असते. रंग अगदी मुंगसाचा, करडा, प्रत्येक केसावर दोन रंग. मी रोज सकाळी तिला पोळी दुधात भिजवून नेतो. आधी ती लांबून बघायची, मग जवळ आली, मग हातावर खायला लागली. खाऊन झालं की ती माझा तळवा चाटते. आबा, या गावात दिवसभरात मला तेवढाच एक स्पर्श होतो, हे मी घरात कुणाला सांगू शकत नाही.

मागच्या आठवड्यात लिफ्टमध्ये नोटीस लागली. वॉचमन म्हणाला, "अंकल, अब खाना मत डालो. पिंजरा लगेगा, मांजर पकडनेवाला आएगा." 'मांजर' हा शब्द तो माझ्याकडूनच शिकला. मी विचारलं, पकडून कुठे नेतात. "क्या मालूम. बोलते हैं डेझर्ट में छोड़ देते हैं. खलास." मी मुलाला सांगितलं. तो जुमेरा लेक टॉवर्सच्या ऑफिसातून दमून आला होता. "बाबा, प्लीज, मॅनेजमेंटच्या भानगडीत पडू नका. माझ्या नावावर फ्लॅट आहे." त्याचंही खरं होतं. रात्रभर मला झोप नाही. तिला वाळवंटात कोण पोळी देणार?

मग तुमची आठवण झाली. पहाटेच्या दाट धुक्यात खाली गेलो. पिंजरा मांडलेला होता, आत माशाचा डबा उघडून ठेवलेला. मी डोक्याला, मानेला हात चोळले आणि तेच हात पिंजऱ्याच्या दारावर, सळ्यांवर, तळाच्या पत्र्यावर नीट फिरवले, तुम्ही मला कधीच करू दिलं नसतं तसे. माणसाचा वास आल्यावर ती फिरकणार नाही. वर येऊन चहा केला, आणि किती दिवसांनी काळजी न करता प्यालो.

काल सकाळी सगळ्यांचे मोबाईल एकदम भोंग्यासारखे वाजले, वादळी पावसाचा इशारा. मुलगा एका खोलीत कॉलवर, सून दुसऱ्या खोलीत, नात डायनिंग टेबलावर ऑनलाइन शाळेत. बाल्कनीतून बघतो तर पार्किंगमध्ये तळं. मला ओढा आठवला. मी नातीला म्हटलं, खाली जाऊन येतो. "आजोबा, नॉट नाऊ, आयॅम इन क्लास." कुणालाच माझं जाणं कळलं नाही.

पाणी घोट्याच्या वर आलेलं. पिंजऱ्याचं दार पडून बंद झालं होतं आणि आत ती होती, पोटापर्यंत भिजलेली. माशाला तिने तोंड लावलेलं नव्हतं. मी जिथे जिथे हात फिरवला होता तिथल्या सळीला ती नाक लावून बसली होती. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, आबा. तुमचा नियम तुमच्या हातांचा होता. माझ्या हाताचा वास तिला पोळीचा वास.

मी दार उचललं. ती पळाली नाही, माझ्या पायांना अंग घासत उभी राहिली. मागून वॉचमन छत्री घेऊन आला. "अंकल! ये क्या किया?" म्हटलं, पाणी भरत होतं, मरून गेली असती. त्याने इकडेतिकडे पाहिलं. "ठीक है, मैं बोलूँगा बारिश में खुल गया. लेकिन कल फिर लगेगा, और ये आपके पीछे पीछे फिर आएगी. आप ही पकड़वाओगे इसको."

त्याचं बरोबर होतं. मी पायातली चप्पल काढली. ती वर बघत होती, हातात काय आहे म्हणून. "हाड! चल, नीघ!" पहिली चप्पल पाण्यात पडली. दुसरी तिच्या पाठीला लागली. डब्यांच्या मागून, भिंतीवरून, ती गेली. मी अनवाणी वर आलो. सून म्हणाली, "बाबा, चपला कुठे?" म्हटलं, वाहून गेल्या.

आज सकाळी खाली गेलो, हात रिकामे. ती लांब भिंतीवर बसली होती. मला पाहिलं आणि आल्या वाटेने परत फिरली. म्हणजे आता ती शिकली.

हा कागद घडी घालून उशीखाली ठेवतो, पाठवायला पत्ता कुठला. फक्त एक सांगायचं राहिलं. काल पिंजऱ्यात ती दिसली तेव्हा, दार उचलण्याच्या आधी, मी थोडा वेळ तसाच उभा होतो, पाणी चढत असताना. घाबरून नाही. माझ्या वासावर कुणीतरी आलं होतं, आणि मला बरं वाटत होतं.