कोपऱ्यावरचे निखारे

२७ ऑक्टोबर

पाव भाजून आणले. एव्हारिस्तोचा पिठाचा पुतळाही—वर चिकटवलेला रंगीत चेहरा. माझी नणंद एल्विरा हसायलाच लागली: ‘वहिनी, अगं मिशा? दादाला आयुष्यात कधी मिशा होत्या का!’ भट्टीवर बिनमिशांचे चेहरे संपले होते. नखाने खरवडल्या. आता नुकती दाढी केल्यासारखा दिसतोय.

तो गेल्यानंतरचा हा पहिलाच मृतांचा सण. पहिल्या तारखेला दुपारी बाराला त्याचा आत्मा येईल, दुसऱ्या दिवशी बाराला जाईल. टेबलावर आवडीचं नसलं तर उपाशीच परतेल.

२८ ऑक्टोबर

कॉफी, शेंगदाण्याचं सूप, त्याची सिगरेट—सगळं जमलं. काडीवर भाजलेले अंतिकुचो राहिलेत. तेच तर मुख्य! आणि कोपऱ्यावर हातगाडी लावणाऱ्या असुंताबाईच्याच हातचे हवेत.

शाळेत नन्स सांगत, रस्त्यात उभी राहून खाते ती मुलगी वाया गेली. तरी ह्याने मला त्या कोपऱ्यावर नेलंच. असुंता तेव्हा तरुण, हॅट तिरपी. बैलाच्या हृदयाचे काप काडीवर तडतडत होते, ज्वाळा तिच्या भुवयांपर्यंत. ‘काय सेन्योरिता, खाताय की पापं मोजताय?’ खाल्लं! शेंगदाण्याची तिखट चटणी पांढऱ्या कॉलरवर सांडली. एव्हारिस्तोने रुमालाने पुसून डाग दुप्पट केला. असुंताने वर एक बटाटा फुकट वाढला—‘हा लग्नाचा आहेर.’ लग्न ठरलंही नव्हतं तेव्हा.

३० ऑक्टोबर

कोपरा रिकामा! फरशीवर नुसता काळा डाग. शेजारची रसवाली म्हणाली, ‘ऑगस्टपासून नाही बसत. वर पठारावर, एल आल्तोला राहते.’ पत्ता घेतला.

एल्विरा म्हणते, ‘कुणाचेही आण गं, दादाला काय कळतंय!’ कळतं. दुसरीकडचे आणले की एक काडी खाऊन म्हणायचा, पोट भरलं.

३१ ऑक्टोबर

रोपवेने वर गेले. दार असुंताच्या मुलीने उघडलं—निएवेस, औषधाच्या दुकानात असते. आत टेबल मांडलेलं. पाव, उसाच्या कांड्या, मधे तिरप्या हॅटमधला फोटो.

मी प्रार्थना म्हटली. मग कशासाठी आले ते सांगितलं, लाजत.

‘मी कधी भाजले नाहीत, मावशी. आई धुरात येऊच द्यायची नाही. मसाला तेवढा मी वाटायचे.’

आणि मग एकदम रडू लागली. आईच्या आवडीचं काय ठेवायचं तेच तिला कळत नव्हतं! ‘ती कायम दुसऱ्यांना खायला घालत उभी. स्वतः काय खायची, मी पाहिलंच नाही.’

मला माहीत होतं. शुक्रवारी एव्हारिस्तो माझ्या चीजच्या करंज्या तिला नेऊन द्यायचा. हातगाडीमागे बसून, बोटं चाटत खायची म्हणे.

१ नोव्हेंबर

पहाटे करंज्या तळल्या, वर पोचवल्या. निएवेस आईची शेगडी पेटवून बसली होती, डोळे लाल. पहिल्या काड्या करपून कोळसा! ‘आई बघत असेल तर पोट धरून हसत असेल,’ म्हणाली. पुढच्या जमल्या. शालीत गुंडाळून खाली आणल्या. बाराच्या आत टेबलावर—गरम.

२ नोव्हेंबर

गेला. पावसाचे दोन थेंब पडले तेवढ्यात. टेबल उचललं, पाव वाटले. एल्विराने अंतिकुचो चाखला आणि लगेच दुसरी काडी उचलली. एल्विरा!

९ नोव्हेंबर

निएवेसने आज संध्याकाळी कोपऱ्यावर शेगडी पेटवली. ती काड्या फिरवते. वारा घालायला कुणीतरी हवं होतं.

केसांना धुराचा वास येतोय. धुणार नाही.