इथे दाखवायची सोय नाही

९ जानेवारी
आजही तेच. सकाळी लघवीला बसले आणि डोळ्यांत पाणी आलं. खाज, आग, वर पांढरं जातं. जाईल, जाईल म्हणत होते — जात नाही. आश्रमशाळेत पोरांचा भात शिजेपर्यंत चुलीपुढे उभी असते. घाम आला, मांडीला मांडी लागली, की जीव नकोसा होतो.

धनराजमुळेच. दुसरं कोण? हे गेल्यापासून सहा वर्षं मला कोणाचा हात लागला नव्हता. धनराज घुग्घुसच्या खाणीत डंपर चालवतो, बायको सोडून गेलेली. धान कापणीला बहिणीकडे आला होता, आमच्या शेजारीच. दोनदा झालं. दोन्ही वेळा काही वापरलं नाही. पाळी जायला आली, आता पोट काय राहणार — एवढाच विचार केला मी. चव्वेचाळीस वर्षांची बाई, आणि एवढाच!

११ जानेवारी
कडुनिंबाच्या पाण्याने धुतलं. जास्तच झोंबलं.

१४ जानेवारी
कुरखेड्याच्या दवाखान्यात कशी जाऊ? नणंद तिथेच आया आहे. बायकांच्या तपासणीला पडद्याआड तीच उभी असते. विधवा भावजय असलं दुखणं घेऊन आली, हे तिच्या पोटात राहायचं नाही. मेडिकलमधून मलम आणलं. कुठी लावाचं आहे, मेडिकलवाला विचारत होता. पायाले, म्हटलं.

१९ जानेवारी
मलमाने जरा थांबलं, मग दुप्पट. ब्लाऊज सैल व्हायला लागलेत. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एड्सचं लिहिलंय, रोज त्यावरूनच जाते. आज उभी राहून सगळं वाचलं. वजन उतरणं — तेही आहे त्यात.

लेक, दिव्यानी, गडचिरोलीला शिकते. माझ्यामागे तिला कोण?

२० जानेवारी
धनराजला फोन केला. तोंडात येईल ते बोलले. कोणाकोणाकडे झोपून आला अन् मले रोग आणून देल्ला, म्हटलं. आईवरूनही बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मले तर काहीच तरास नाई, रंजीता," म्हणाला. "तू आधी डॉक्टरले दाखव. मी येतो संगं."

तोंड दाखवू नको म्हणून सांगितलं. नंबर ब्लॉक केला.

२३ जानेवारी
विहिरीवर गेले होते. बादली न सोडता बराच वेळ खाली पाहत राहिले. दिव्यानीचा फोन आला — परीक्षेची तारीख लागली म्हणे. ते ऐकत ऐकत घरी आले. बादली तिथेच राहिली.

२७ जानेवारी
वडशाच्या दवाखान्यात गेले. शाळेत सांगितलं, दात दुखतो.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, नवरा काय करतो? घुग्घुसला असतो, म्हटलं. त्या लिहीत राहिल्या. तपासताना मी डोळे मिटून घेतले. वाटलं, आता बोलतील. नाही बोलल्या. तहान फार लागते का, लघवीला सारखं जावं लागतं का, एवढंच विचारलं. लागते. जावंही लागतं. मी म्हणत होते चुलीच्या धगीने.

रक्त घेतलं. परतीच्या बसआधी रिपोर्ट हातात आले.

"तुमची शुगर फार वाढली आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून ही बुरशी बरी होत नाही. हे कोणी आणून दिलेलं नाही, बाई."

बाकी सगळं निगेटिव्ह! एड्सचंही! ते मात्र तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, म्हणाल्या. लागण नवी असेल तर इतक्यात दिसत नाही. मी मान डोलावली. खरं तर ऐकायला मी जागेवर होतेच कुठे! बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले. शुगर निघाली म्हणून इतकी खूश झालेली बाई त्या दवाखान्याने पाहिली नसेल.

३० जानेवारी
आग कमी आहे. रात्री सलग झोप लागली. भात कमी करा म्हणाल्यात — दिवसभर भातच रांधणाऱ्या बाईला.

धनराजला काय काय बोलले मी. त्याच्या मेलेल्या आईलाही सोडलं नाही. ब्लॉक काढला. फोन करायचं धाडस होत नाही.

२ फेब्रुवारी
शाळेतून आल्यावर लावलाच. चुकलं माह्यं, म्हटलं. शुगर निघाली, तुहा काही दोष नव्हता.

तो म्हणाला, "तू बोलली, म्हणून मी चंद्रपूरले जाऊन रक्त तपासलं. वाटलं, कागद तुह्यापुढं ठेवीन. माह्यं पॉझिटिव्ह निघालं, रंजीता. तुले सांगाले किती फोन लावले. लागतच नव्हता."

मी बोटांवर तीन महिने मोजायला लागले.

"आहे का तू?" त्याने विचारलं.

आहे, म्हटलं.