टाकीतली घंटा

१५ सप्टेंबर, सोमवार

पोचलो एकदाचा. बोटीत सगळी वाट पोट धरून बसलो होतो. बंदरावरच्या इंधनाच्या कोठारात निम्मं आयुष्य गेलेल्या माणसाला डिझेलच्या वासानं मळमळावं, म्हणजे कमालच झाली. पण सवाई बेटाच्या धक्क्यावर पाय टेकले आणि बरं वाटलं. राजधानी आपियाची गडबड नाही, हॉर्न नाहीत, रस्त्याकडेला डुकरं निवांत लोळताहेत. माझ्या गुडघ्यांना अशीच जागा हवी होती.

विद्यापीठाचं हे आवार लहानसं, गावाच्या जमिनीवरच बांधलेलं. कार्यालय फेतुआओबाई सांभाळतात. आल्या आल्या त्यांनी गरम कोको दिला, वर तळलेले गोड गोळे दिले, आणि माझ्या पोटाकडे बघून म्हणाल्या, की पेसामिनोभाऊ, तुम्ही काही टाकीच्या तोंडातून आत मावणार नाही, हे एक बरं झालं. मी मोठ्यानं हसलो. त्याही हसायला लागल्या होत्या, पण मध्येच थांबल्या आणि कागद आवरू लागल्या.

काम समजलं. जनित्राशेजारी डिझेलच्या दोन टाक्या उघड्यावर, आणि जुन्या गाड्यांच्या अंगणात जमिनीखाली पेट्रोलची एक. गळती नको, आग नको, कुणाच्या जिवाला धक्का नको, एवढं बघायचं.

संध्याकाळी ‘सा’ची, म्हणजे गावभर सगळ्यांनी हातातलं सोडून प्रार्थनेला बसायची वेळ झाली. आधी शंख वाजला आणि मागोमाग घंटाही झाली. गावोगाव रिकामा सिलिंडर टांगून लोखंडानं बडवतात तसाच आवाज, सावकाश, एकेक ठोका. शंख एका गावाचा असेल, घंटा शेजारच्या गावाची. मी हातातलं ठेवलं, चटईवर बसलो आणि प्रार्थना म्हटली. फार दिवसांनी मन लागलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

माझा जोडीदार ताउफाऊ. पस्तिशीचा गडी, दारात उभा राहिला की उजेड अडतो, आणि तोंड अखंड चालू. त्यानं टाक्या दाखवल्या. टाकी फुटलीच तर डिझेल अडावं म्हणून भोवती सिमेंटचा बांध असतो. इथल्या बांधात पावसाचं पाणी तुंबलंय आणि त्यात चक्क अळू लावलंय! मी कपाळावर हात मारला. ताउफाऊ म्हणाला, की भाऊ, एवढी ओलसर जागा सगळ्या गावात नाही, आणि उपटायचंच असेल तर आधी माझ्या सासूला विचारून या, मी नाही मध्ये पडणार. पाणी काढायची तोटी तर कायमची उघडी, म्हणजे डिझेल सांडलं की सरळ ओढ्यात. तोटी बंद केली, तिला कुलूप लावलं. अळू आम्ही दोघांनीच उपटलं. एक गड्डा सासूबाईंना गुपचूप पोचवला, बाकीचे आम्ही उकडून खाल्ले.

ताउफाऊला तीन मुली. थोरली पांढऱ्या रविवारी, म्हणजे पोरांच्या सणाला, चर्चमध्ये वचनं म्हणणार आहे, आणि तो माणूस दिवसभर तिचीच वचनं पुटपुटत असतो. मला आत्ताच अर्धी पाठ झाली आहेत.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

जमिनीखालची टाकी गळते आहे. पातळी मोजायच्या डिपच्या काठीला पाणी दाखवणारा लेप लावून आत सोडली, तर खालचा टप्पा लगेच रंगला. पाणी आत येतंय, म्हणजे पेट्रोल बाहेर जातंय. खाली समुद्राकाठी गावाचा गोड्या पाण्याचा झरा आहे. बाया म्हणताहेत की हल्ली पोरांना न्हाऊ घातलं की केसांना वास येतो. विद्यापीठानं ठरवलं, टाकी रिकामी करायची, साफ करायची, उपटून टाकायची. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी ती न्यायला मोठा ट्रक येईल.

मी ताउफाऊला लगेच बजावलं. आतली हवा मोजायचं यंत्र आपियाहून येईपर्यंत कुणी आत उतरायचं नाही. उतरेल त्याच्या कमरेला दोर, आणि तोंडाशी दुसरा माणूस. तो म्हणाला, की मी पाण्याखाली दम धरून ऑक्टोपस काढतो, म्हातारबा, तुमची टाकी ती केवढीशी! मी त्याला झापलं. समुद्रात दम संपला तर वर आलं की हवा मिळते. इथे वर येताना जो पहिला श्वास घेशील तोच तुला आडवा करेल. त्यानं मान हलवली. पोरीच्या वचनांनाही तो अशीच मान हलवतो.

जाता जाता विचारलं, की ती ‘सा’ची घंटा कुठल्या गावाची. त्यानं डिपची काठी पुसायला घेतली. मग म्हणाला, की आसपास कुठेच घंटा नाही. दोन वर्षं झाली, सगळीकडे शंखच फुंकतात.

२२ सप्टेंबर, सोमवार

आज शंखानंतर ठोके सुरू झाले तसा उठलो. आवाज जुन्या गाड्यांच्या अंगणातून येत होता. झाकणावर हात ठेवला तर लोखंड थरथरत होतं. खालून कुणीतरी मारत होतं. मी झाकणाचे बोल्ट काढले. आत काळोख, वास, तळाशी थोडं पेट्रोल. आवाज थांबला नाही. माझ्या डोळ्यांसमोर, रिकाम्या हवेत, ठोका पडतच होता.

तेवढ्यात गावची तरणी पोरं काठ्या घेऊन आली. ‘सा’च्या वेळेला चालत होतो म्हणून खाली बसवलं. त्यांनाही ऐकू येत होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. एकानं तेवढं म्हटलं, की काका, झाकण लावा आणि डोळे मिटा. ‘सा’ संपल्याचा दुसरा शंख झाला तसे ठोके थांबले.

पंचायतीनं दंड केला, डबाबंद मासळीची एक पेटी. दिली.

२४ सप्टेंबर, बुधवार

फेतुआओबाईंनी शेवटी सांगितलं. 

माझ्याआधी इथे इयाकोपो होता. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तो एकटाच त्या टाकीत उतरला. दोर नाही, वर माणूस नाही. वाफेनं पाय गेले तेव्हा हातातला पाना भिंतीवर मारत राहिला. आणि वेळ नेमकी ‘सा’ची. त्या वेळी गावात सिलिंडरची घंटा होती, अगदी त्याच आवाजाची. सगळं आवार खाली बसलं. घंटा वाजवणाऱ्याला वाटलं, आज मेव्हण्यानं वाजवली वाटतं, म्हणून तोही बसला. एक विद्यार्थिनी अंगणाकडे पळत होती, तिला पोरांनी अडवून बसवलं. ती रडून सांगत होती, की आवाज घंटेचा नाही. तिला सांगितलं, की पोरी, आधी प्रार्थना. सगळ्यांनी प्रार्थना केली. बाई म्हणाल्या, की त्या दिवशी गाणंसुद्धा फार छान जमलं होतं हो. आणि रडल्या.

ताउफाऊ सगळ्यांत जवळ होता. गाडीखाली काम करत होता. त्यानं हात पुसले आणि मान खाली घातली.

तेव्हापासून गावानं सिलिंडर उतरवला आणि शंख धरला. पण ठोके थांबले नाहीत. मताईंनी, म्हणजे गावच्या प्रमुखांनी, ठरवलं, की वाजलं तर इयाकोपोसाठी प्रार्थना म्हणायची, उठायचं नाही, बघायला जायचं नाही. गेलं की त्याला वाटतं कुणीतरी येतंय, आणि मग तो जास्त जोरात मारतो.

३० सप्टेंबर, मंगळवार

टाकीतलं पेट्रोल काढून घेतलं. तळाला नुसता चिकट गाळ आहे. वाफ जावी म्हणून झाकण उघडं ठेवलंय, भोवती दोर आणि फळी.

ठोके रोज. उघड्या तोंडातून आता खोलीपर्यंत स्पष्ट येतात. मी काल परत गेलो होतो. तोंडाशी बसून ओरडलो, की इयाकोपो, मी आलोय बाबा, ऐकतोय. बाई म्हणाल्या तसंच झालं, आवाज वाढला. परत पोरं, परत दंड, या वेळी मासळी आणि वर एक डुक्कर. मताई रागावले नाहीत. म्हणाले, की तू आलास त्याच्या आधीपासून आम्ही हे सोसतोय, तूही शीक.

ज्या आवाजाला उठायचं, त्याच आवाजाला बसून राहायचं. माझा सगळा जन्म याच्या उलट शिकवण्यात गेला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल उठलो नाही. बसून राहिलो. उशी कानावर.

ताउफाऊनं सकाळी विचारलं, की काल तोंडाशी कुणी दिसलं नाही, शहाणे झालात वाटतं? चेष्टाच होती, पण त्याचे डोळे लाल होते. म्हणाला, की मला तर रोज वाटतं, आत उतरून त्याच्या हातातला तो पाना काढून घ्यावा. मी म्हटलं, की असलं काही बोलू नकोस. पाना तिथे नाही. कुणीच नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

समुद्र खवळलाय. बोटी बंद. हवा मोजायचं यंत्र आपियाच्या धक्क्यावर अडकलंय. गाळ काढल्याशिवाय ट्रकवाला टाकीला हात लावणार नाही, आणि झऱ्याचा वास वाढतोय. फेतुआओबाई विचारतात, ताउफाऊ विचारतो, कुलगुरूंच्या कचेरीतून फोन येतो. सगळ्यांना एकच उत्तर. यंत्र आल्याशिवाय कुणी उतरणार नाही. टाकी राहिली तर राहिली.

ताउफाऊ म्हणाला, की थोडाच तर गाळ आहे, दोन डुबक्यांत काढतो, रविवारी पोरीच्या वेळेला माझं डोकं मोकळं हवं. मी त्याच्याकडून शपथ घेतली. पोरीच्या नावानं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

झोप नाही. ठोक्यांची इतकी सवय झाली की शंख झाला की आपोआप वाट बघतो. सावकाश, एकेक. थकलेल्या माणसाचा हात. माझ्यासारखाच.

मी घाबरलोय. लिहून टाकलं. इयाकोपोला नाही. मी आता हलत नाही, याला घाबरलोय.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

दुपारभर चर्चमध्ये झालर लावायला मदत केली. ताउफाऊ म्हणाला, की तुम्ही जा भाऊ, आवार मी बंद करतो. खुशीत होता.

आत्ताच खोलीवर आलो. वाजायला लागलंय. शंख व्हायचाय अजून — आज आधीच. आणि जोरात, घाईघाईत. खिडकीतून दिसतंय, माळी खाली बसला. बाई व्हरांड्यात बसल्या, हात जोडून. रस्त्यावर पोरं काठ्या घेऊन उभी. कुणी हलत नाही. मीही नाही. लिहितोय म्हणजे हात गुंतलेले राहतील —

उठायचं नाही. गेलं की जोरात मारतो. पण आज कुणी गेलेलंच नाही, मग हा जोर —

चिडलाय. झाकण उघडं म्हणून —

ताउफाऊच्या बायकोचा फोन. विचारते, हे निघाले का? पोरगी पांढरा झगा घालून दारात बसलीय, बाबांना आधी दाखवायचा म्हणते. मी म्हटलं, निघाला असेल. फोन ठेवला. त्याची गाडी खाली दिसते. तिथेच —

ठोके अडखळताहेत.

एक.

थांबले.

शंख वाजला. सगळीकडे शांत. इतकं शांत इथे आल्यापासून कधी —

देवा.

आता सुरू झाले. रोजच्या वेळेला, सावकाश, एकेक. हा इयाकोपो. हाच रोजचा हात आहे. मग मघाशी जो मारत होता, तो ताउ —