राडू नाको: एक अपरिचित प्रतिभा

१ जानेवारी, सकाळ
आजपासून फिल्मी संगीत बंद. गाणी बंद, पार्श्वसंगीत बंद, टायटल म्युझिकसुद्धा बंद. माणसाच्या कानालाही काही इभ्रत असते. या वर्षी फक्त गंभीर संगीत. सिंफनी, जॅझ, आणि ज्यात ठेका पटकन सापडत नाही ते सगळं. निश्चय पक्का.

१ जानेवारी, दुपार
जेवताना खालच्या मजल्यावरच्या टीव्हीवरून एक पाठलाग ऐकू येत होता. ट्रम्पेट उत्तम. खिडकी उघडी होती त्याला मी काय करणार? बंद केली असती, पण घरात कोंदट होतं.

४ जानेवारी
शनिवार श्रवण मंडळ. दवाखाना बंद झाला की आमचे दंतवैद्य वेटिंग रूममध्ये खुर्च्या गोल मांडतात आणि आम्ही पाच जण डोळे मिटून ऐकतो. मंडळात चित्रपटसंगीत वाजणार नाही हा ठराव माझाच. एकमताने मंजूर झालेला. (मुख्याध्यापिका बाईंनी हात वर केला तो पंखा कमी करा सांगायला, असं त्या नंतर म्हणाल्या. पण मत ते मत.)
आज दंतवैद्यांनी पूर्व युरोपातल्या कुणा राडूचं व्हायोलिन ऐकवलं. मी दोनदा मान डोलावली. दुसऱ्यांदा डोलावली तेव्हा व्हायोलिन थांबून बराच वेळ झाला होता आणि मी पेंगत होतो, असा विमावाल्याचा आरोप. विमावाल्याला संगीतातलं ओ की ठो कळत नाही.
८ फेब्रुवारीचा कार्यक्रम माझा! शेवटी अकलेची कदर झाली. अभ्यासाला म्हणून दंतवैद्यांनी एक काळा पेनड्राइव्ह दिला.

६ जानेवारी
नव्या हॉस्पिटलच्या लिफ्ट आमच्या कंपनीच्या. साहेब म्हणाले, तुम्ही कानसेन, आत काय वाजवायचं ते तुम्हीच ठरवा. गंभीर चेलो लावला. समाजाची अभिरुची वर न्यायची तर लिफ्टहून योग्य जागा कुठली?

९ जानेवारी
हॉस्पिटलची तक्रार. पेशंटचे नातेवाईक लिफ्टमध्ये शिरतात आणि घाबरून विचारतात, कोण गेलं? चेलो काढावा लागला. आता तिथे दाराची टिंग तेवढी वाजते. गाढवाला गुळाची चव काय!
जिन्याने चढलो. इअरफोनवर एका बँक दरोड्याच्या सिनेमाचं संगीत होतं. हे ऐकणं नव्हे, व्यायाम. व्यायाम निश्चयात येत नाही.

१२ जानेवारी
लेकीचा विषय निघाला. तिने फार्मसी अर्धवट सोडली, दुसऱ्या शहरात जाऊन एका सिनेमा-संगीतकाराची असिस्टंट झाली. मी तेव्हा एवढंच म्हणालो होतो की ढ्यांगढ्यांग वाजवून घर चालत नाही. तेव्हापासून ती फोन करते तो आईला. मला काही फरक पडत नाही. त्यांचं बोलणं चालू असताना मी तिथेच बसतो, कारण त्या खोलीत उजेड चांगला आहे.
आज ही सांगत आली की पोरीला पहिल्यांदाच स्वतःचं काम मिळालंय. २१ फेब्रुवारीला लागणाऱ्या सिनेमातल्या एका प्रसंगाचं संगीत सर्वस्वी तिचं. पेनड्राइव्ह पाठवलाय. बाबांना ऐकवच, त्यांना काय वाटतं ते मला हवंय, असं म्हणाली म्हणे. हिने तो माझ्या टेबलावर ठेवला. तोही काळाच. मी म्हटलं, वेळ मिळाला तर बघू.

१३ जानेवारी
वेळ मिळाला. टेबलावरचा पेनड्राइव्ह लावला. अरे देवा! दार करकरतंय की वाद्य वाजतंय ते कळेना. सूर नाही, ठेका नाही, मध्येच कुणी वाळू चाळतंय. दोन मिनिटांत बंद केला. पोरीची सगळी वर्षं पाण्यात.
हिने विचारलं, ऐकलंत? खरं ते सांगितलं: सुराशी अजून ओळख झालेली नाही, कुठेतरी भेटल्यास नमस्कार करावा. संध्याकाळच्या फोनवर ही बराच वेळ नुसतं हं, हं करत होती. कळवलं असावं. बापाने नाही सांगायचं तर कुणी?

१९ जानेवारी
आज टेबलावरचा दुसरा पेनड्राइव्ह लावला, दंतवैद्यांचा. हेडफोनवर. आत एकच रचना. नाव रोमन अक्षरांत: आर-ए-डी-यू, मग एन-ए-के-ओ, पुढे तीनचा आकडा. राडू नाको! तिसरी सिंफनी असणार. परवाचे ते पूर्व युरोपवाले हेच.
काय लिहू! आधी एकटा पियानो, एका बोटाने वाजवल्यासारखा. मग खालून हलकेच तंतुवाद्यं येतात. मध्यावर सगळं जवळजवळ थांबतं आणि एकच सूर पुन्हा पुन्हा येत राहतो, कुणी दारापर्यंत येऊन परत जावं तसा. डोळ्यांतून पाणी आलं. सायनस. पुन्हा लावलं. पुन्हा सायनस.
याला म्हणतात संगीत. नाहीतर आमची कन्या.

२२ जानेवारी
कार्यक्रमाचं नाव ठरलं. राडू नाको: एक अपरिचित प्रतिभा. सध्या गुप्त. हिलासुद्धा सांगणार नाही, हिच्या तोंडात तीळ भिजत नाही.
इंटरनेटवर शोधलं. एक अक्षर नाही. राडू नावाचा एक गोलकीपर सापडला, पण त्याचे पंजे पाहता पियानोवाला वाटत नाही. एवढा मोठा कलावंत आणि जगाला पत्ता नाही! फार चिडचिड झाली. पहिल्या दोन सिंफनी त्याने बहुधा वैतागून जाळल्या.

२५ जानेवारी
मंडळ. विमावाल्याने विचारलं, मग, काय ऐकवताय? मी नुसता सूचक हसलो. दात दुखतोय का, म्हणाला.
दंतवैद्यांना बाजूला घेऊन म्हटलं, तुमच्या पेनड्राइव्हने माझे डोळे उघडले. ते खूश झाले. म्हणाले, ती वाळू चाळल्याची जागा कशी वाटली? मी म्हणालो, अप्रतिम. घरी येईपर्यंत विचार करत होतो, कुठली वाळू? दंतवैद्य फार अलंकारिक बोलतात.

३१ जानेवारी
राडूचं चरित्र लिहून काढलं. जन्म डोंगरातल्या गावी. स्वभाव एकलकोंडा. पुरावा असा नाही, पण संगीतच सगळं सांगतं. बाप हेकट असावा, पोराच्या कलेला काडीची किंमत न देणारा. असले बाप पाहिले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. या मुद्द्यावर पूर्ण एक पान झालं.

५ फेब्रुवारी
रिकाम्या लिफ्टमध्ये उभा राहून भाषणाची तालीम केली. इंटरकॉम चालू राहिला होता. खाली कंट्रोल रूममध्ये सगळ्यांनी ऐकलं. साहेब म्हणाले, तो राडू कुठल्या मजल्यावर अडकलाय त्याला आधी बाहेर काढा. अरसिक माणूस.
ही म्हणाली, पोर हिरमुसली आहे, एक फोन करा. करणारच आहे. कार्यक्रम होऊ दे. एका वेळी एकच काम नीट होतं.

८ फेब्रुवारी, सकाळ
ही कधी नव्हे ती मंडळात येते म्हणाली. नवऱ्याचा पहिला कार्यक्रम, कौतुक असणारच. इस्त्रीचा शर्ट काढला. आज मैदान मारणार.

९ फेब्रुवारी
काल लिहिण्याच्या अवस्थेत नव्हतो.
भाषण झकास झालं, हे कुणीही नाकारणार नाही. राडूचं नाव घेताच ही खुर्चीत पुढे सरकून बसली. मला वाटलं, अभिमानाने. हेकट बापाचं पान आलं तेव्हा मुख्याध्यापिका बाईंनी चष्मा पुसला. मग मी पेनड्राइव्ह लावला. दंतवैद्य म्हणाले, हा माझा दिसत नाही. मी हाताने गप्प केलं. एरवी दात कसे घासावेत ते दाखवणाऱ्या टीव्हीवर मोठ्या अक्षरांत नाव उमटलं आणि संगीत सुरू झालं.
संपल्यावरही सगळे डोळे मिटूनच बसले होते. विमावालासुद्धा. मी मान खाली घालून दादेची वाट पाहत होतो.
तेवढ्यात ही उठून टीव्हीजवळ गेली. म्हणाली, अहो, राडू कोण? रडू नको लिहिलंय ते. आपल्या पोरीचं आहे हे.
मग तिथेच सगळ्यांसमोर समजावून सांगितलं. सिनेमात आई लेकराला कुशीत घेऊन म्हणते, रडू नको. त्या प्रसंगाचं संगीत. आणि तीन म्हणजे तिसरा प्रयत्न, आधीचे दोन नापास झाले.
आधी विमावाला हसला. मग पंख्याखेरीज सगळेच. मुख्याध्यापिका बाईंनी शांतपणे विचारलं, म्हणजे हे चित्रपटसंगीत झालं, मग आपल्या ठरावाचं काय?
परत येताना ही एकच वाक्य बोलली. तुम्ही पोरीला बेसूर ठरवलंत ते मग काय ऐकून? तेव्हा मी ऐकलं ते दंतवैद्यांचं होतं. त्या वाळूला परदेशात बक्षीस मिळालंय म्हणे.

१० फेब्रुवारी
लेकीला फोन करायचा. नक्की. पण नुसता फोन म्हणजे काहीच नाही. एवढ्या चुकीला शोभेलशी भरपाई हवी. सुचलं! अख्ख्या मंडळाला सिनेमाला न्यायचं, तो प्रसंग मोठ्या स्पीकरवर ऐकवायचा आणि तिथून थेट फोन लावायचा. ठरावही रद्द करून टाकू. ही म्हणते, आधी फोन करा, मग हत्ती-घोडे आणा. बायकांना भव्यतेची कल्पना नसते.

१५ फेब्रुवारी
मंडळात ठराव रद्द. एकमताने. बाईंनी या वेळी दोन्ही हात वर केले. सगळे यायला तयार.
फोनवर काय बोलायचं ते लिहून पाठ केलं. भाषण तयारच होतं, राडूच्या जागी लेकीचं नाव घातलं. बापाचं पान गाळलं.

२२ फेब्रुवारी, दुपार
सिनेमा पाहिला. मध्यंतरानंतर तो प्रसंग आला. मी दोन्हीकडच्यांना कोपराने सावध केलं. पडद्यावर आईने लेकराला कुशीत घेतलं, केसांतून हात फिरवला, रडू नको म्हणाली. आणि काहीच नाही. पियानो नाही, तंतुवाद्यं नाहीत. विमावाला पॉपकॉर्न चावत होता तेवढाच आवाज.
मी बाहेर येऊन मॅनेजरला फैलावर घेतलं. स्पीकर बंद, लोकांना फसवता का? तो म्हणाला, स्पीकर चालू आहेत, पुढच्या प्रसंगात स्फोट आहे, आत जाऊन ऐका. ऐकला. चालू होते.
शेवटी सरसर नावं गेली. पुढचे लोक उठून उभे राहिले, त्यांच्या डोक्यांआड तिचं नाव होतं की नव्हतं ते दिसलं नाही.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळ
थिएटरच्या जिन्यावरून फोन केला. तिने लगेच उचलला. घाबरून विचारलं, बाबा? आई बरी आहे ना?
म्हटलं, आई बरी आहे, तुझं संगीत वाजलंच नाही. ती म्हणाली, माहीत आहे, शेवटच्या आठवड्यात काढून टाकलं. पण तुम्हाला ते कुठे आवडलं होतं? मी सांगितलं, तो वेगळाच पेनड्राइव्ह होता, माझी गफलत झाली, तुझा नंतर ऐकला. मग म्हणाली, मग? कसा वाटला?
इतका सोपा प्रश्न. सगळं पाठ होतं. रडलो होतो, तेसुद्धा सांगायचं ठरलं होतं. पण शेजारी मंडळ कान देऊन उभं. आणि एकदम कौतुक करायचं म्हणजे इतकी वर्षं मीच चूक होतो असं झालं असतं. जीभ रेटेना. काहीतरी जाणकारासारखं बोलावं म्हणून म्हणालो, चांगला आहे, पण मधला भाग जरा लांबलाय.
मग म्हणाली, डायरेक्टर पण तेच म्हणाले, म्हणूनच काढला. मला वाटत होतं की नाही लांबलाय, मी भांडलेसुद्धा. पण आता तुम्हीही म्हणताय म्हणजे लांबलाच असणार. ठेवू बाबा? काम आहे.
ठेवला.
मी लगेच परत लावला. उचलला नाही. घरी आल्यावर हिच्या फोनवरून लावला, तोही उचलला नाही.
मधला भाग अजिबात लांबलेला नाही.